होबार्टहून माउंट फील्ड: आईबाबांसोबत धबधबे आणि उंच झाडांची सहल

मेलबर्नला आमच्याकडे घरचं कोणी आलं की ग्रेट ओशन रोड, म्हणजे समुद्राकाठचा प्रसिद्ध रस्ता, ठरलेलाच असतो. तो छान आहेच, पण या वेळी आईबाबा येणार म्हटल्यावर मी आधीच ठरवून टाकलं होतं की त्यांना ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या टास्मानिया बेटावर न्यायचं आणि तिथला एक अख्खा दिवस जंगलात घालवायचा. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, नोकरी बरीचशी कोयना-पाटण भागात झाली त्यामुळे पाणी, दगड, डोंगर हे त्यांचे हक्काचे विषय, आणि आईला झाडांचं वेड आहे. पण आईचे गुडघे दुखतात, बाबांना दम लागतो, आणि त्यांना अर्धा तास चालायला लावून एक फोटो काढून परत आणायचं हे मला नको होतं.

माउंट फील्ड नॅशनल पार्क होबार्टपासून, म्हणजे टास्मानियाच्या राजधानीपासून, साधारण पासष्ट किलोमीटरवर आहे, गाडीने सव्वा तास. गाडी भाड्याने घेऊन आपलं आपण सहज जाता येतं, रस्ते चांगले आहेत आणि आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं. नवरा म्हणत होता की आपणच जाऊ. पण मी छोट्या ग्रुपची गाइडवाली टूर बुक केली आणि आता कोणी विचारलं तर पहिल्यांदा जाणाऱ्याला, त्यातून सोबत वयस्कर माणसं असतील तर, मी हेच सांगते. धबधबा कुणीही दाखवेल हो, पाटी लावलेली असते. पण जंगल आपल्याला आपलं आपण दिसत नाही, ते कोणीतरी दाखवावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बुक करताना मी फक्त ग्रुपचा साइज बघितला. मोठ्या बसच्या टूर असतात त्यात चाळीस-पन्नास माणसं, सगळं घड्याळावर. आमची टूर मिनी व्हॅनची, जास्तीत जास्त बारा जण. बुकिंग झाल्यावर आदल्या दिवशी गाइडचाच फोन आला, पिकअप कुठून, वेळ काय, आणि तुमच्यात कोणाला पायऱ्यांचा त्रास आहे का, कोणी शाकाहारी आहे का, थंडीचे कपडे आहेत का. मी आईच्या गुडघ्यांचं सांगितलं तर म्हणाली काळजी करू नका, आपण त्यांच्या वेगाने जाऊ. हे वाक्य फोनवर बोलणं सोपं असतं, पण तिने ते दिवसभर पाळलं. पार्कचा पास टूरच्या पैशात धरलेला होता, तेवढं बुक करताना विचारून घ्या कारण काही जण तो वेगळा घ्यायला लावतात.

आणि एक, टास्मानियात विमानाने उतरताना फळं, भाज्या, बिया काहीही बाहेरून नेता येत नाही, मेलबर्नहून गेलात तरीसुद्धा. होबार्टच्या एअरपोर्टवर हुंगणारे कुत्रे असतात. आईला हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून तिने लिंबं आणि केळी घरीच ठेवली आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा एवढंच घेतलं. ते सगळं व्यवस्थित पार पडलं.

ऑक्टोबर म्हणजे तिकडचा वसंत. सकाळी निघताना कुनान्यी म्हणजे माउंट वेलिंग्टनच्या माथ्यावर बर्फाची रेघ होती आणि खाली लख्ख ऊन. व्हॅनमध्ये आम्ही चौघं, ॲडलेडचं एक रिटायर जोडपं, दोन जर्मन विद्यार्थिनी आणि सिंगापूरचं एक कुटुंब. गाइड पन्नाशीची बाई, त्याच डरवेंट नदीच्या खोऱ्यात वाढलेली, ड्रायव्हरही तीच. तिने सुरुवातीलाच सगळ्यांची नावं विचारून घेतली, आणि आईचं नाव नीट म्हणता येईपर्यंत दोन-तीनदा म्हणून बघितलं. आई तिथेच खूश झाली.

रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो. न्यू नॉरफोकच्या अलीकडे बोयरची कागदगिरणी लागते, १९४१ मध्ये सुरू झालेली, निलगिरीच्या जातीच्या लाकडापासून वर्तमानपत्राचा कागद जगात पहिल्यांदा तिथे बनला. गाइडने ती गिरणी लांबून दाखवली आणि म्हणाली ही लक्षात ठेवा, दुपारी परत हिचं नाव घेणार आहे. पुढे बुशी पार्कला हॉप्सची शेतं लागली, बिअरमध्ये घालतात ते हॉप्स. ऑक्टोबरमध्ये उंच खांब आणि त्यांना बांधलेल्या दोऱ्याच दिसतात, वेल नुकते खालून वर निघालेले असतात, तोडणी मार्चमध्ये. जुन्या हॉप्स वाळवायच्या विटांच्या भट्ट्या अजून उभ्या आहेत. बाबांना त्या दोऱ्या बांधायची पद्धत बघायची होती म्हणून व्हॅन पाच मिनिटं थांबली. मोठ्या बसमध्ये हे कोणी केलं असतं का मला सांगा. बाबांनी मग टास्मानियात वीज कशावर चालते हेही विचारून घेतलं आणि बहुतेक सगळी पाण्यावर होते हे ऐकल्यावर पुढचा अर्धा रस्ता कोयनेच्या गोष्टी गाइडला सांगितल्या, मी मधे बसून भाषांतर करत.

पार्कच्या दाराशी व्हिजिटर सेंटर आहे, स्वच्छ टॉयलेट, कॅफे सगळं आहे. तिथे चालायला सुरुवात करायच्या आधी गाइडने सगळ्यांचे बूट ब्रशने घासून घ्यायला लावले. बुटाच्या तळव्याच्या मातीतून फायटोफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोग येतो आणि बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशीही येते, आणि एकदा जंगलात शिरली की काढता येत नाही. सिंगापूरच्या छोट्या मुलाने तर दोनदा घासले. मला हे फार पटलं. आपल्याकडे पावसाळ्यात एका रविवारी हजारो माणसं एका धबधब्यावर जातात तेव्हा पायाखाली काय जातं याचा विचार कोणी करत नाही, आणि तो विचार करायला लावायला दोन मिनिटं आणि एक ब्रश पुरतो.

रसेल फॉल्सचा रस्ता सपाट आहे, व्हीलचेअर जाते, जाऊन-येऊन वीस-पंचवीस मिनिटं. आम्हाला तासाच्या वर लागला कारण गाइड दर पन्नास पावलांवर थांबत होती. पहिल्यांदा थांबली ती ट्री फर्नपाशी. नेचेच, पण खोड असलेले, डोक्याच्या वर छत्र्या. तिथले लोक त्यांना मॅनफर्न म्हणतात. खोड वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर वाढतं, म्हणजे आपल्या उंचीएवढं खोड व्हायलाच कित्येक दशकं लागतात, आणि त्या खोडावरच मॉस, बारके पातळ नेचे आणि दुसऱ्या झाडांची रोपं उगवलेली. गाइड म्हणाली जवळ जाऊन बघा पण टेकू नका. मग तिने खाली पडलेलं सॅसाफ्रास नावाच्या झाडाचं एक पान उचलून चुरगळून प्रत्येकाच्या नाकाशी धरलं. आई लगेच म्हणाली, "अगं, जायफळ!" मी सांगितल्यावर गाइड म्हणाली बरोबर, तो वास जायफळासारखाच. त्यानंतर आईने मला भाषांतर विचारणं सोडून दिलं आणि थेट तिच्याशी मराठीत बोलायला लागली, आणि कसं कुणास ठाऊक पण दोघींचं जमलं.

धबधबा वळणावर एकदम समोर येतो. दोन टप्प्यांत पडतो, रुंद पडद्यासारखा, आणि आजूबाजूला नेचे इतके दाट की पाणी हिरव्यातूनच बाहेर येतंय असं वाटतं. बाबांनी पाणी सोडून दगड बघायला सुरुवात केली. आडवे थर स्वच्छ दिसतात. हे समुद्राच्या तळाशी साठलेले पर्मियन नावाच्या फार जुन्या काळातले थर आहेत, मधला कठीण वालुकाश्म टिकतो आणि खालचा मऊ दगड झिजतो म्हणून पायऱ्या पडल्यात, आणि डोंगराचा माथा मात्र डोलेराइट नावाच्या दगडाचा, तो नंतर थरांच्या आत घुसून थिजलेला मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला दगड. बाबा म्हणाले, "म्हणजे आमच्या सह्याद्रीचा बेसाल्ट जमिनीवर पसरला आणि यांचा जमिनीखालीच थिजला." गाइडला हे सांगितल्यावर ती खूप खूश झाली, म्हणाली हे मी उद्यापासून वापरणार.

एक गोष्ट तिने दाखवली ती मला माहीत नव्हती. १८९९ मध्ये टास्मानियाने चित्रांची पोस्टाची तिकिटं काढली त्यात रसेल फॉल्सचं तिकीट होतं, तिच्याकडे त्याचा फोटो होता, आणि आपण उभे होतो तिथूनच जवळपास तोच देखावा. आणि या धबधब्याभोवतीची जागा त्याच्याही आधी १८८५ मध्ये राखीव केलेली, नॅशनल पार्क १९१६ चं. म्हणजे त्या वेळी कोणीतरी ठरवलं की इथे कुऱ्हाड लागणार नाही, म्हणून आज हे आहे.

हॉर्सशू फॉल्स त्याच्या वरच आहे पण पायऱ्या बऱ्याच आहेत. गाइडने बाकीच्यांना वाट दाखवून पुढे पाठवलं, वरच्या कठड्यापाशी थांबा म्हणून सांगितलं, आणि स्वतः आईबरोबर मागे राहिली. दहा पायऱ्या चढायच्या, थांबायचं, काहीतरी बघायचं. एका ठिकाणी शेजारीच पॅडेमेलन दिसला, म्हणजे छोटासा गुबगुबीत कांगारूच्या कुळातला प्राणी, पोटाच्या पिशवीतून पिल्लाचा एक पाय बाहेर. आई पंधरा मिनिटांत वर पोचली आणि कोणीही घड्याळाकडे बघत नव्हतं. वरचा धबधबा छोटा आहे, मधे दगड आणि दोन्हीकडून पाणी, मला तो खालच्यापेक्षाही आवडला कारण तिथे गर्दी नव्हती.

येताना पालापाचोळ्यात एक लायरबर्ड पायाने माती उकरत होता. सुंदर पक्षी, पण तो इथला नाही. १९३० च्या दशकात मुख्य भूमीवर कोल्हे त्यांना संपवतील या भीतीने व्हिक्टोरियातून आणून इथे सोडले. आता ते इथली माती इतकी उलटीपालटी करतात की जंगलाच्या जमिनीवर त्याचा परिणाम होतोय. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट सुद्धा जंगलाला जड जाऊ शकते, हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं.

मग व्हॅनने थोडंसं वर, टॉल ट्रीज वॉक. अर्ध्या तासाचा गोल रस्ता. ही सहल मी ज्यासाठी लिहितेय ते हे.

युकॅलिप्टस रेग्नन्स. टास्मानियात स्वॅम्प गम म्हणतात. फुलं येणाऱ्या झाडांमध्ये जगातल्या सगळ्यात उंच झाडांपैकी एक, कॅलिफोर्नियाचे रेडवूड मात्र त्याच्यापेक्षाही उंच. सगळ्यात उंच माहीत असलेला रेग्नन्स टास्मानियाच्याच दक्षिणेला आर्व्ह खोऱ्यात आहे, सेंच्युरियन, २००८ मध्ये विमानातून लेसरने मोजणी करताना सापडला, शंभर मीटरच्या आसपास. इथली झाडं तेवढी नाहीत पण सत्तर-ऐंशी मीटरपर्यंत जातात, म्हणजे कुतुबमिनाराएवढी आणि थोडी वर. हे आकडे मी आधी वाचले होते पण आकड्यांनी काही होत नाही. खाली बुंधा बघितला तर एखादी खोली होईल एवढा, खरखरीत साल, मग वर वर बघत गेलं की साल संपते आणि गुळगुळीत पांढरट खोड सुरू होतं, सालीच्या लांब पट्ट्या लोंबत असतात, आणि पहिली फांदी दिसेपर्यंत मान पूर्ण मागे गेलेली असते. वाटेवर उंची मोजायला एक क्लिनोमीटर लावलाय, त्यातून शेंड्याकडे बघायचं. बाबांनी तो सोडलाच नाही, आयुष्यभर थिओडोलाइट, म्हणजे मोजणीत कोन मोजायचं यंत्र, हाताळलेला माणूस, त्यांनी जर्मन मुलींना कोन आणि अंतरावरून उंची कशी निघते ते खुणा करून समजावलं.

मग गाइडने सगळ्यांना एका झाडाखाली उभं केलं आणि विचारलं की इथे या झाडाचं एक तरी पिल्लू शोधून दाखवा. आम्ही सगळ्यांनी शोधलं. नेचे होते, सॅसाफ्रास होते, मर्टल बीचची रोपं होती. रेग्नन्सचं एकही नाही. कारण त्याच्या बीला सावलीत जमत नाही. त्याला ऊन आणि मोकळी राखेची जमीन लागते, म्हणजे आग लागते. मोठी आग आली की हे झाड स्वतः मरतं, आपल्याकडच्या बऱ्याच निलगिरींसारखं बुंध्यातून परत फुटत नाही, पण मरताना शेंड्यातल्या बोंडांमधून बी खाली राखेत पडतं आणि हजारो रोपं एकदम उगवतात, सुरुवातीला वर्षाला मीटरभर सुद्धा वाढतात. म्हणून एका जंगलातली सगळी मोठी झाडं बहुधा एकाच वयाची असतात, एकाच आगीची लेकरं. आणि चारशे-पाचशे वर्षं आग आलीच नाही तर ही म्हातारी होऊन पडतात आणि खालचं सावलीतलं रेनफॉरेस्ट जागा घेतं.

बाबांनी विचारलं, "मग आग लागू द्यायची का मुद्दाम?" तेव्हा तिने जे सांगितलं ते मला अजून आठवतंय. एक आग लागली तर जंगल परत येतं. पण तरुण झाडांना बी धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, त्याच्या आत दुसरी आग आली तर टाकायला बीच नसतं, आणि मग ते जंगल तिथून जातं, कायमचं. उन्हाळे आता जास्त कोरडे होत चाललेत. २०१९ च्या जानेवारीत टास्मानियात मोठ्या आगी लागल्या, त्यात सेंच्युरियनच्या बुंध्यालाही आग लागली, तो वाचला. हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. मग तिने सकाळची गिरणी आठवण करून दिली. १९५० च्या सुमारास याच पार्कमधल्या उंच झाडांचा एक भाग कागदासाठी पार्कातून वगळला गेला होता. पार्क होता, कायदा होता, तरी. आणि २०१३ मध्ये माउंट फील्ड जागतिक वारसा क्षेत्रात घेतलं गेलं. आई म्हणाली आपल्या देवराईत काठीसुद्धा उचलत नाहीत ती श्रद्धा म्हणून, इथे कायदा म्हणून, पण राखायला माणसं लागतातच. मी गाइडला सांगितलं, तिला देवराई म्हणजे काय ते समजून घ्यायचं होतं, मग आईने पाटणजवळच्या तिच्या माहेरच्या देवराईबद्दल सगळं सांगितलं आणि अख्खा ग्रुप ऐकत उभा होता. मला आईचा तेव्हा फार अभिमान वाटला.

डबा खाली पिकनिकच्या टेबलवर. आमच्यासाठी गाइडने भाज्यांचे रॅप आणले होते, आम्ही दशम्या आणि चटणी सगळ्यांना वाटली, ॲडलेडच्या काकूंनी चटणीची रेसिपी लिहून घेतली. शेजारच्या टायेना नदीत प्लॅटिपस, म्हणजे बदकासारख्या चोचीचा प्राणी, असतो म्हणून काठावर बराच वेळ उभे राहिलो, दिसला नाही, त्याला सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी जावं लागतं.

दुपारी खडीच्या रस्त्याने १६ किलोमीटर वर, डॉबसन तलावापर्यंत, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. बर्फ जास्त असेल तर व्हॅन जात नाही, आमच्या नशिबाने रस्ता मोकळा होता. चाळीस मिनिटांत सगळं जंगल बदलतं, उंच झाडं संपतात, वाकडेतिकडे स्नो गम सुरू होतात, तलावाच्या काठी पांडानीची विचित्र झाडं, केवड्यासारखी पानं पण केवड्याशी काही नातं नाही. कडेला जुना बर्फ होता, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात बर्फ घेतला. वारा इतका बोचरा की आई व्हॅनमध्येच बसली. तिथून पलीकडे फ्लोरेंटाइनचं खोरं आहे, शेवटचा माहीत असलेला टास्मानियन टायगर म्हणजे थायलासीन तिथूनच पकडून होबार्टच्या झूमध्ये नेला होता, तो ७ सप्टेंबर १९३६ ला मेला. त्याबद्दल व्हॅनमध्ये बराच वेळ बोलणं झालं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास परत होबार्टला, तिने हॉटेलच्या दारापर्यंत सोडलं.

कोणी जाणार असेल तर, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाणी भरपूर असतं, जानेवारी-फेब्रुवारीत कमी होतं तरी रसेल फॉल्स आपल्याकडच्यासारखा आटत नाही. कपडे थरांचे घ्या, खाली ऊन आणि वर बर्फ एकाच दिवशी मिळतो. रेनकोट हवाच. ओल्या जागी जळवा असतात, आंबोली-कोयनेची सवय असलेल्यांना काही वाटणार नाही. टूर बुक करताना ग्रुप किती जणांचा ते विचारा आणि टॉल ट्रीज वॉक यादीत आहे की नाही ते नक्की विचारा, कारण काही टूर रसेल फॉल्स दाखवून लगेच प्राण्यांच्या पार्ककडे वळतात. आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी स्वतःच्या गाडीने जाऊन रसेल, हॉर्सशू, उंच झाडं आणि लेडी बॅरन फॉल्स असा सहा किलोमीटरचा गोल चालत करावा, दोन-अडीच तास पुरतात. आम्हाला तो करायचाच आहे, एप्रिलच्या शेवटी, तेव्हा वरच्या भागात फॅगसची पानं पिवळी-केशरी होतात, ऑस्ट्रेलियाचं हिवाळ्यात पानं गाळणारं हे एकच देशी झाड. त्या वेळी पार्कजवळच मुक्काम करणार, कारण रसेल फॉल्सच्या वाटेवर रात्री ग्लोवर्म म्हणजे काजव्यासारखे उजेड देणारे किडे चमकतात आणि दिवसाच्या टूरमध्ये ते बघायला मिळत नाहीत.